केझीला न्यायला आले तो शुक्रवार

ख्रिस्ती मंडळी उभी करणाऱ्या प्रचारकांच्या कहाण्या सगळेच सांगतात. कोण किती मैल बर्फातून चालत गेला, कोणी उपाशीपोटी किती सभा घेतल्या. तेवढा काळ त्यांची पोरं कुणाच्या घरी होती, हे कुणी विचारत नाही. जोथम ड्रेसरची पोर त्याच्या थोरल्या बहिणीकडे होती, मेहिटेबलकडे. आणि मेहिटेबलला त्या पोरीचा जेवढा लळा होता, तेवढाच तिच्या आईबापांचा संताप होता.

संताप जुना होता. १८४४ साली त्यांच्या बापाने शेतातले बटाटे काढलेच नाहीत. बावीस ऑक्टोबरला प्रभू येशू परत येणार आणि जग संपणार, असा बायबलमधून काढलेला हिशेब होता. बटाटे काढले तर आपला भरवसा नाही असं झालं असतं. सरपणही फोडलं नाही. अमेरिकेच्या उत्तर टोकाच्या मेन राज्यातला हिवाळा, आणि घरात सरपण नाही! बावीस तारीख गेली, तेवीस उजाडली. एकोणीस वर्षांचा जोथम आठवडाभर रडला, मग बायबल उघडून बसला आणि हिशेब कुठे चुकला ते शोधू लागला. तो शोधत होता तेव्हा मेहिटेबल कुंपणाचे खांब उपटून चुलीत घालत होती. फेब्रुवारीत आई छाती भरून गेली. या हिशेबापायी मेथडिस्ट चर्चने यादीतून त्यांची नावं केव्हाच काढून टाकली होती, म्हणून पेटीला खांदा द्यायलाही धड चार माणसं मिळाली नाहीत.

श्रद्धा मेहिटेबलचीही होती, हे मात्र खरं. जोथमला सातव्या दिवसाचा, म्हणजे शनिवारचा, शब्बाथ हा विसाव्याचा दिवस पटला तेव्हा तिलाही पटला, आणि शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या ठोक्याला ती हातातलं काम टाकू लागली. तो लोविनाशी लग्न करून गावोगाव प्रवचनं देत हिंडू लागला, तेव्हा ती गप्प बसली. पण एकोणपन्नासच्या वसंतात दोघं नऊ महिन्यांची केझी तिच्या मांडीवर ठेवून गेली, "थोड्या दिवसांसाठी," म्हणून. थोडे दिवस म्हणजे दोन वर्षं! दात तिच्याकडे आले, डांग्या खोकला तिच्याकडे झाला, चालायलाही पोर तिच्याच अंगणात शिकली. आईबापांची पत्रं यायची, त्यात सभेला किती माणसं होती ते असायचं.

एक्कावन्नच्या जूनमध्ये वेगळं पत्र आलं. न्यूयॉर्क राज्यात घर भाड्याने घेतलंय, आपल्या पत्रिकेचा छापखाना तिथेच टाकायचाय, शुक्रवारी केझीला न्यायला येतो.

चार वाजता उसनी आणलेली घोडागाडी फाटकात दिसली आणि मेहिटेबलने केझीच्या अंगावरच्या झग्यासकट तिचे होते नव्हते ते सगळे कपडे उचलून धुण्याच्या टबात बुडवले.

"अगं ताई, हे काय?" जोथम दारातच थबकला. "आम्हाला सहाच्या आत आपल्या मंडळीतल्या ब्रदर टटलकडे पोचायचंय. आठ मैल आहेत. उद्या त्यांच्या कोठारात माझी सभा आहे, चाळीस माणसं येतील!"

"मग जा की. तुला कुणी धरलंय? पोर नागडी नेतोस की ओली नेतोस, ते सांग."

लोविनाने केझीकडे हात पुढे केले. केझी आत्याच्या झग्यामागे लपली. मेहिटेबलने एकेक कपडा पिळला, असा सावकाश की जोथमला घाम फुटला. तो दर पाच मिनिटांनी दोरीवरच्या कपड्यांना हात लावून बघायचा आणि परत घड्याळाकडे जायचा. पाच वाजले. साडेपाच झाले. घड्याळाने सहा ठोके दिले तेव्हा ऊन अजून कोठाराच्या छपरावर होतं, पण शब्बाथ लागला होता. आता उद्या सहापर्यंत घोडा जुंपायचा नाही, प्रवास करायचा नाही.

जोथमने गुडघे टेकून प्रार्थना केली. तो उठला तेव्हा मेहिटेबल त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली होती.

"झालं देवाशी बोलून? आता माझं ऐक. आज तुला उठून जाता येत नाही, सात वर्षांत पहिल्यांदा!"

आणि ती बोलली. आई, सरपण, कुंपण, खोकल्याच्या रात्री, सगळं काढलं. "जगाला वाचवायला निघालास, आणि पोटची पोर दुसऱ्याच्या गळ्यात! येशूने सांगितलं होतं का रे तुला असं? कुठल्या अध्यायात? दाखव ना, तू तर सगळं शोधून काढतोस!"

"ताई, काम प्रभूचं आहे..."

"काम प्रभूचं, आणि लंगोट मी धुतले!"

लोविनाने दोनदा तोंड उघडलं. "ताई, मला एक..."

"तू तर बोलूच नकोस," मेहिटेबल म्हणाली. "आई म्हणवतेस!"

शनिवारी सकाळी ब्रदर टटलच्या कोठारात चाळीस माणसं वाट बघत बसली असतील, या विचाराने मेहिटेबलला चांगलं वाटलं. पण तेवढंच. शब्बाथ तिलाही होता. तिचा राग नेहमी झाडूवर आणि लोण्याच्या घुसळणीवर निघायचा, आणि आज दोन्ही बंद. पोरीला हाक मारून घ्यावं तर निमित्तही नाही. ना भाकरी मळायची, ना कोंबड्यांचं खुराडं साफ करायचं. भट्टीत काल भाजून ठेवलेला घेवडा होता, तो वाढला की संपलं.

लोविनालाही काम नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिच्यापुढे घड्या घालायचे छापील कागद नव्हते, लिहायची पत्रं नव्हती. ती अंगणात बसून राहिली. तिने केझीला बोलावलं नाही. मग केझीच तिला आंधळी कोंबडी दाखवायला गेली. मग बेडूक. मग सफरचंदाच्या झाडावरचं घरटं. दुपारी मेहिटेबलने खिडकीतून पाहिलं तर पोर लोविनाच्या मांडीवर झोपली होती, आणि लोविना पायाला मुंग्या आल्या तरी हलत नव्हती. ती तशी दोन तास बसली.

संध्याकाळी सहा ठोके पडले. जोथमने घोडा जुंपला. केझीचे कपडे केव्हाच वाळले होते. मेहिटेबल रडारडीची वाट बघत पायरीवर उभी राहिली. पोर एकदा किंचाळली असती तर तिने तिला हिसकावून घेतलं असतं, देवाच्या देखत! पण केझीने तिच्या गालाची पापी घेतली, धावत गाडीशी गेली आणि आईने वर घ्यावं म्हणून दोन्ही हात उंच केले.

लोविना तिला मांडीवर घेऊन बसली. मग वाकून हळूच म्हणाली, "ताई, रस्त्यात मी यांच्याकडून शब्द घेतला होता. केझी माझ्याकडे यायला रडली, तर तिला तुमच्याकडेच ठेवायचं. कायमचं. शुक्रवारी लगेच माझ्या हातात दिली असतीत, तर ती रडलीच असती."

मेहिटेबलने गाडीची कड पकडली. "मग सांगायचंस ना मला! काल का नाही सांगितलंस?"

"तुम्ही बोलू दिलंत कुठे?"