लाल पट्टीवाला महेश

सातपूरच्या एका कारखान्यात महेश गांगुर्डे माल तपासतो. केसाइतका फरक दिसला की नग नापास, वर लाल पट्टी. माणूस वाईट नाही हो, पण लग्नाच्या पंगतीतही जिलबीचे वेढे मोजून खाणारा!

या महेशनं दोन वर्षं खपून कांदाचाळीसाठी एक अ‍ॅप लिहिलं. चाळीत ओल वाढली की शेतकऱ्याच्या मोबाईलवर इशारा. फुकट, आणि कोडही सगळ्यांसाठी खुला; ज्याला येईल त्यानं सुधारावा. तीनशे शेतकरी वापरायला लागले, तक्रारींचा ढीग पडला, आणि निस्तरणारा एकटा महेश.

"उन्हाळ कांदा चाळीत जायच्या आत मदतीला कोणी आलं नाही, तर बंद करतो," तो बायकोला म्हणाला.

आता, कोणी आलंच नव्हतं असं नाही. सहा जणांनी सुधारणा पाठवल्या होत्या, सहाही पळाले. का, ते त्याच्या बायकोला, उज्ज्वलावहिनींना, त्या दिवशी कळलं. चांदवडच्या चैतालीनं, कॉलेजातल्या मुलीनं, सातवी सुधारणा पाठवली होती आणि महेशनं तिला अकरा चुकांची यादी.

"अहो, हे पोरीला उत्तर आहे की मेमो?"

"चुका आहेत तर सांगू नको?"

"कारखान्यात नवा ऑपरेटर पहिला नग काढतो, तेव्हाही टेबलावरूनच लाल पट्टी फेकता?"

"छे! पहिल्या नगाला मी मशीनपाशी जाऊन उभा राहतो."

बोलला, आणि त्याचं लक्ष त्या अकरा चुकांच्या यादीकडे गेलं.

सुट्टीच्या दिवशी पत्ता काढून मोटारसायकल थेट चांदवडला. त्यानं नाव सांगताच दारातली चैताली दचकलीच. "अकरा चुकांवाले सर?"

तिचे वडील भिकनभाऊ म्हणाले, "इशारा लय कामाचा हाय तुमचा. पण ते 'सापेक्ष आर्द्रता' म्हंजी काय, दर टायमाला पोरीला इचारावं लागतं."

चैतालीनं पाठवलेल्या सुधारणेत तिथं 'कांद्याला घाम सुटलाय' असं घातलं होतं. चुका मोजायच्या नादात महेशनं ते वाचलंच नव्हतं!

चाळीशेजारी खाटेवर बसून दोघांनी आठ चुका दुरुस्त केल्या. उरलेल्या तीन बारीकसारीक, महेशनं दात आवळून तशाच ठेवल्या. "नवख्यांना हात बसवायला." चैतालीच्या तीन मैत्रिणींनी त्या आठवडाभरात वाटून घेतल्या, आणि मग तक्रारींच्या ढिगाकडे वळल्या.

कांदा चाळीत गेला, अ‍ॅप चालूच आहे. परवा तर महेशनं स्वतः केलेला बदल चैतालीनं अडवला: "सर, दोन चुका आहेत. फोन करू का? सोबत बसून बघू."

तेव्हापासून हा गडी तो मेसेज अख्ख्या गल्लीला दाखवत फिरतोय. दूधवाल्यालाही सोडलं नाही.