खाटा मोजायला निघालेली माणसं

आमचे तपासणी अहवाल वर कुणी वाचले की नाही, माहीत नाही. पण जुने सोबती चहाला बसलो, की एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू होतो! नव्वदच्या आगेमागे सरकारनं कामगारवस्त्यांसाठी प्रयोग म्हणून आरोग्य विमा योजना काढली होती. कार्ड दाखवा, फुकट उपचार घ्या. तो खर्च खरा आहे का, ते बघायला आम्ही तिघं: गायकवाड साहेब, जोशी आणि मी.

*

उल्हासनगरच्या यादीत वीस खाटांचं एक रुग्णालय होतं. पत्त्यावर पोचलो, तर फर्निचरचं दुकान! साहेबांनी कडक आवाजात विचारलं, "बीस खाट किधर है?"

सिंधी शेठ लगबगीनं उठले. "बीस क्या साईं, पचास है! सिंगल चाहिए या डबल?"

*

एका केंद्रात 'उपचार समाधानकारक' म्हणणाऱ्या चाळीस फॉर्मांवर चाळीस अंगठे. साहेब म्हणाले, "इथं कुणालाच सही येत नाही?"

"नाही साहेब!" म्हणत कंपाउंडरनं आपला निळाशार अंगठा घाईनं खिशात घातला.

*

अंबरनाथला योजनेची अँब्युलन्स लॉगबुकात रोज बदलापूरला जाऊन येत होती. दवाखान्यामागे ती सापडली, चारही चाकं गायब. आत स्ट्रेचरवर कोंबडी अंडी उबवत बसलेली.

साहेब म्हणाले, "चला, एका बाळंतिणीची तरी सोय झाली!"

*

त्याच दवाखान्यात जोशीला उन्हानं चक्कर आली. डॉक्टरांनी लगेच सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी ठणठणीत होऊन जोशीनं औषधांचा साठा तपासला आणि शेरा मारला, 'सलाईनची एक बाटली कमी. खुलासा करावा.'

डॉक्टरांनी खाली लिहिलं, 'तपासनीसांच्या अंगात आहे.'

*

बदलापूरला कमलताई नावाच्या बाईंच्या कार्डावर सिझेरियन लागलं होतं. पण त्यांचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वीच झालेलं, तीही नोंद आमच्याकडे होती. आम्ही त्यांच्या चाळीत गेलो. बाईंनी काहीच लपवलं नाही.

"शेजारच्या वंदनाचं बाळ आडवं आलं होतं, साहेब. तिचा नवरा कंत्राटी कामगार, त्याला कार्ड नाही. मी माझं दिलं."

"खोट्या नावानं उपचार? तुमचं कार्ड रद्द होईल, बाई."

"करा. पण तिला काही बोलू नका."

तेवढ्यात वंदना स्वतःच दारात येऊन उभी राहिली. कडेवर सहा महिन्यांची मुलगी. साहेबांच्या मांडीवर अहवालाचा कागद, हातात उघडं पेन. मग त्यांनी विचारलं, "नाव काय ठेवलंत हिचं?"

वंदना म्हणाली, "योजना."