हार नसलेला फोटो

जुळे सोलापुरातल्या एका हॉलमध्ये इटलीतल्या एका डिझायनर बाईचं प्रदर्शन भरलं होतं. महायुद्धानंतर तिनं घडवलेले दिवे, खुर्च्या, पडद्यांची कापडं. तिकीट नव्हतं आणि पंखे होते, म्हणून मी गेलो. कळलं फारसं काही नाही. लक्षात राहिल्या त्या बोलण्यावरून मैंदर्गीकडच्या वाटणाऱ्या एक मावशी. 'हात लावू नये' ही पाटी वाचून त्यांनी दोन्ही हात पाठीमागं धरले होते आणि प्रत्येक कापडाजवळ नाक नेऊन त्या वास घेत होत्या.

सगळं बघून झाल्यावर त्या डिझायनर बाईच्या हसऱ्या फोटोखाली, दाराकडं तोंड करून बसल्या.

"कुणाची वाट बघताय?" मी विचारलं.

"ह्या बाईंची. कवा येनार हायत?"

"त्या वारल्या, मावशी. बरीच वर्षं झाली."

"मग फोटोला हार कसा न्हाय?"

त्यांनी अंबाड्यातला गजरा काढला, फोटोपर्यंत नेला आणि परत केसांत खोवला.

"ऱ्हाऊ दे. हार घातला की कुणी वाट बघत न्हाय," म्हणाल्या, आणि पुन्हा दाराकडं बघत बसल्या.