ईरम्माचा सागवानी ओटा

सोलापुरात अक्कलकोट नाक्याच्या अलीकडे एक गल्ली आहे. आता तिथं स्लॅबची घरं झाली, दारांना लोखंडी जाळ्या आल्या आणि उंबऱ्याला टेकून मोटारसायकली उभ्या राहिल्या. बाहेर बसायचं म्हटलं तर माणसानं बसावं कुठं? पण पंचाहत्तर सालच्या सुमाराला ती गल्ली म्हणजे एक मोठं घरच होतं. उन्हाळ्यात आतली खोली फक्त भांडी ठेवायला. माणसं जेवायची, भांडायची, झोपायची ती बाहेर. गिरणीचा भोंगा झाला की बाजा बाहेर यायच्या, पाण्याचे तांबे उशाशी लागायचे आणि या टोकाचं भांडण त्या टोकाला झोपल्या जागी ऐकू यायचं. त्या सुखाची सर आताच्या पंख्याला नाही.

या गल्लीत निंगप्पा मिस्त्री राहायचा. बैलगाड्या घडवायचा. माणूस घुमा, पण हाताचा राजा. त्याची गाडी न्यायला गिऱ्हाईक आलं की एक रीत ठरलेली असायची. निंगप्पा गाडीच्या साट्यात, म्हणजे माल भरायच्या फळ्यांवर, सूपभर राळे ओतायचा आणि गाडीखाली धोतर पसरायचा. मग गिऱ्हाइकानं स्वतः गाडी हलवून बघायची. धोतरावर एक दाणा पडला तर गाडी फुकट. कधी पडला नाही. मग नारळ फुटायचा आणि गाडी वेशीबाहेर पडायची. फळीला फळी अशी भिडवायची की वाराही आत शिरू नये, ही त्याची सगळी विद्या आणि सगळा गर्व.

बोलायचं खातं त्याच्या बायकोकडे होतं. ईरम्मा माहेरची अक्कलकोटकडची. रागावली की कानडीत, लाडात आली की मराठीत. तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. दारात बसून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची, "बा, कुंद्रु!" म्हणजे ये, बस, आणि कानडी न कळणारासुद्धा निमूट येऊन बसायचा. शेजारची बजाबाई मूळची माढ्याकडची. तिचं आणि ईरम्माचं दिवसातून दोनदा भांडण व्हायचं आणि तीनदा समेट.

संक्रांतीची गड्ड्याची यात्रा उठली त्या थंडीत ईरम्माचं डावं अंग गेलं. हात हळूहळू सुधारला, पाय मात्र ओढत राहिला. त्याला ना थंड कळे ना गरम. जीभ तेवढी देवानं शाबूत ठेवली. घराचं दार गल्लीपासून गुडघाभर उंच, खाली दोन दगडी पायऱ्या. त्या पायऱ्या म्हणजे तिला डोंगर झाल्या.

पहिल्यांदा निंगप्पानं आणि बजाबाईनं तिला खुर्चीत बसवून खुर्चीसकट खाली आणलं. गल्ली कौतुकानं बघत होती. ईरम्मानं एकदा चारी बाजूंना नजर फिरवली आणि म्हणाली, "मला आत न्या."

"का गं? आत्ताच तर आणलं की," निंगप्पा म्हणाला.

"आमच्यात माणूस मेलं की असं बसवून उचलत्यात. मी अजून हाय. येईन तर माझ्या पायानं येईन, न्हायतर येणार न्हाय."

लिंगायतांत मयताला बसवूनच नेतात, ते गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवसापासून ईरम्मा पत्र्याच्या खोलीत बाजेवर पडून राहिली. बायका भेटायला यायच्या, पण सोलापूरच्या पत्र्याखाली कोण किती वेळ बसणार? पदरानं वारा घेत उठायच्या. हळूहळू तिची हाक थांबली आणि मग तिचं बोलणंही आटलं. तीस वर्षं जिच्या बडबडीला निंगप्पा वैतागला, ती गप्प झाल्यावर त्याला घरात बसवेना. तासता तासता हात थांबायचा आणि तो आतली चाहूल घ्यायचा.

एकदा चैत्रात, घरात कुणी नसताना, ती भिंतीला धरून पहिल्या पायरीपर्यंत गेली आणि पाय खाली सोडून बसली. पायरीचा दगड तव्यासारखा तापलेला. पायाला ते कळलंच नाही. बजाबाईनं येऊन बघितलं तेव्हा तळव्याला फोड आले होते आणि ईरम्मा आपली कोपऱ्यावर बांधलेल्या बैलांकडे बघत बसली होती.

त्या दिवशी निंगप्पानं ठरवलं. दारासमोर, घरातल्या जमिनीच्या सपाटीत, गल्लीच्या कडेपर्यंत उघडा ओटा करायचा. पायरी नको, चढ नको. ईरम्मानं आतून निघावं ते सरळ आभाळाखाली यावं.

सगळ्यांनी सल्ला दिला, शहाबादी फरशी टाक. स्वस्त, मजबूत, पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी. निंगप्पा म्हणाला, "फरशी दिवसभराचं ऊन रात्रीपतोर सोडत न्हाय. तिचा पाय बघितला का?" यावर सल्ले बंद झाले. लाकडाचा उघडा ओटा त्या गल्लीत कुणी पाहिला नव्हता, पण लाकूड दिवेलागणीला निवतं एवढं सगळ्यांना माहीत होतं.

आता लाकूड कोणतं? सुताराचं मन बाभळीवर. निंगप्पाचे बाभळीचे ओंडके गावाबाहेरच्या डोहात वर्षभर बुडवून, चीक काढून, सावलीत वाळवून ठेवलेले होते. त्यांना भुंगा लागायचा नाही. रबरी टायरच्या गाड्या आल्यापासून त्याच्या चाकांना मागणी घटली होती, त्यामुळे माल पडूनच होता. फुकटात ओटा झाला असता. त्यानं एक फळी काढली, रंधा मारून आरशासारखी केली आणि चार दिवस उन्हात टाकली. पाचव्या दिवशी तिच्यावरून तळहात फिरवला, तर लाकडाची बारीक कूस भरली. त्यानं ती उपटली आणि तळहातावरच्या रक्ताकडे बघत राहिला. आपल्याला कूस भरलेली कळली. तिला कळणार नाही. तिच्या पायात ती आतल्या आत पिकेल.

बाभूळ खालच्या खांबांना आणि तुळयांना ठेवून वरच्या फळ्यांसाठी तो शिवयोगीच्या वखारीत गेला. शिवयोगी लाकडाचा व्यापारी, जुना ओळखीचा. त्यानं नुकतंच उतरलेलं दांडेलीचं सागवान दाखवलं. दिसायला सोन्यासारखं. निंगप्पानं त्याच्या तोंडावर पाण्याचा हात फिरवला. कडेचा पांढरा पट्टा उठून दिसला.

"ह्यातलं निम्मं पांढरं. वाळवीला जेवणावळच की," निंगप्पा म्हणाला.

"मिस्त्री, इतकं पारखून मुलगी तरी देतात का लोक?" शिवयोगी वैतागला.

निंगप्पा वखारीच्या मागं गेला. तिथं कुणी न नेलेले जुने ओंडके ऊनपावसात करडे पडले होते. त्यानं प्रत्येकावर वाकसाचा, म्हणजे तासायच्या हत्याराचा, दांडा मारला आणि कान लावला. काही भद्द बोलले, ते सोडले. चार खणखणीत बोलले.

"अहो, ते वर्षानुवर्षं भिजतंय, वाळतंय," शिवयोगी म्हणाला.

"म्हणून तर. ह्याचं जे काय व्हायचं ते होऊन गेलंय."

करवतीवर ओंडका उघडला तेव्हा आतून गाभा मधाच्या रंगाचा निघाला आणि वखारभर सागाचा कडसर वास सुटला. शिवयोगीनं कानाला हात लावला.

काळ्या मातीवर खांब टिकत नाहीत. पावसात माती फुगते, उन्हात भेगाळते आणि खांबाला वर-खाली नाचवते. म्हणून निंगप्पानं मुरूम लागेपर्यंत खड्डे घेतले, तळाशी दगड बसवले आणि त्यावर बाभळीचे खांब उभे केले. दाराचा उंबरा तासून जमिनीला मिळवला. तेव्हा बजाबाई कमरेवर हात ठेवून ओरडली, "अवो, उंबरा काढला तर घरातली लक्ष्मी जाती की!"

"लक्ष्मी आत अडकून पडलीया. ती भायेर निघू दे आदी," निंगप्पा म्हणाला. आयुष्यात तो एवढं गोड दुसऱ्यांदा बोलला नाही.

ईरम्मा रोज दाराशी बसून बघायला लागली. फळ्या आडव्या पडत होत्या. गिरमिटानं भोक, पितळी स्क्रू, आणि फळीला फळी अशी भिडवलेली की दोन फळ्यांमधली रेघ शोधावी लागे.

"पाऊस आला तर पाणी कुटनं जाणार?" तिनं विचारलं.

"माझ्या फळ्यांतनं राळ्याचा दाणा जात न्हाय."

"दाण्याचं न्हाय विचारलं. पाण्याचं विचारलं."

"गाडी घडवायला मी शिकलो का तू?"

ईरम्मानं कानडीत काहीतरी म्हटलं. त्याचं भाषांतर निंगप्पानं कधी कुणाला सांगितलं नाही.

वैशाखात ओटा झाला. जवसाचं तेल पिऊन फळ्या तकतकल्या. त्या संध्याकाळी गल्ली जमली. ईरम्मा एका हातानं चौकट, मग भिंत, मग काठी धरत, पाय ओढत, स्वतः चालत बाहेर आली आणि आभाळाकडे बघून बसली. निंगप्पाला हुंदका आला तो त्यानं तंबाखू थुंकायच्या निमित्तानं लपवला. तो उन्हाळा गल्लीनं पुढं कितीतरी वर्षं आठवला. सगळ्या गल्लीत तेवढीच जागा निवलेली, त्यामुळे सगळ्यांच्या भाकऱ्या तिथं सुटायच्या. शेंगाचटणीचा गोळा या ताटातून त्या ताटात जायचा आणि "बा, कुंद्रु!" ही हाक पुन्हा कोपऱ्यापर्यंत पोचायची.

मृग-आर्द्रा शिंतोड्यांवर भागल्या. खरा पाऊस आला तो हस्तात, आणि आला तो झड लावूनच. फळ्यांना फट नाही, तेव्हा पाणी वरच साचलं. पावसाळ्यात वखारीत पडून मुरलेलं लाकूड झालं तरी, वैशाखाच्या उन्हात वाळून ते आखडलंच होतं. तशात त्याला गच्च आवळून बसवलेलं. फुगायला जागा हवी ती कुठंच नाही. मधल्या फळ्यांच्या कडा उचलल्या. उघडीप झाली तशी ईरम्मा नेहमीप्रमाणे बाहेर निघाली. ओढता पाय उचलत नाही, तो उठलेल्या कडेला अडला आणि ती तोंडावर आपटली.

हाड मोडलं नाही. ओठ फुटला, गुडघा सुजला. निंगप्पानं धावत जाऊन तिला उचललं, आणि या वेळी तिनं उचलू दिलं, हेच त्याच्या काळजाला लागलं. बाजेवर ठेवल्यावर ती एवढंच म्हणाली, "बास. आता न्हाय." त्याला ओरडली नाही, मी सांगितलं होतं असंही म्हणाली नाही. म्हणाली असती तर त्याला जेवण गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी तो घरातल्या जमिनीकडे बघत बसून राहिला. सारवलेल्या जमिनीवर बाजेपासून दारापर्यंत एक रेघ पडली होती. ईरम्माच्या ओढत्या अंगठ्याची. रेघ सरळ होती. ओट्यावर मात्र तिला प्रत्येक फळीची कड ओलांडावी लागत होती. आपण गाडीचा साटा केला, निंगप्पाला वाटलं. चालायची वाट केलीच नाही.

त्यानं सगळा ओटा उकलला. खालच्या तुळया फिरवल्या. फळ्या आता आडव्या नाहीत, दारापासून गल्लीकडे उभ्या लावायच्या, त्या रेघेच्या दिशेनं, म्हणजे पायाला वाटेत कड यायलाच नको. प्रत्येक फळीची कड गोलसर मारली. आणि दोन फळ्यांमध्ये करंगळीच्या नखाएवढी फट सोडली, पाणी निथळेल पण काठीचं टोक अडकणार नाही एवढी. पहिली फट सोडताना त्याचा हात तीनदा मागं आला. जन्मभर जे बुजवलं ते आता स्वतःच्या हातानं ठेवायचं होतं. बाजूनं जाणारं एक जुनं गिऱ्हाईक म्हणालंच, "मिस्त्री, म्हातारपण आलं का? फळ्या भिडंनात?" निंगप्पानं पुढची फळी उचलली.

ओटा झाला. पाणी ओतून बघितलं, क्षणात निथळलं. ईरम्मा आली नाही. दसरा गेला, दिवाळी गेली. निंगप्पानं तिला एकदाही ये म्हटलं नाही. तिच्या मनात भीती बसली होती आणि ती काही रंध्यानं निघण्यासारखी नव्हती. तो नुसता रोज संध्याकाळी दाराला पाठ लावून ओट्यावर बसायचा.

अशाच एका संध्याकाळी बजाबाई नव्यानं राहायला आलेल्या बायकांना जुन्या गोष्टी सांगत होती. बार्शीचं एक गिऱ्हाईक निंगप्पाच्या गाडीचं चाक वाकडं म्हणून अडून बसलं होतं, ती गोष्ट.

"मग काय, निंगप्पा दाजी सोता गाडीत बसलं आन् म्हनलं, वढ कोपऱ्यापतोर!"

"मी बसले होते!" आतून आवाज आला.

"दाजीच बसलं व्हतं. हिरवी गाडी व्हती," बजाबाई पुढं निघाली.

"तांबडी होती! आन् बसले मी होते!"

"कोन बोललं? ऐकू येईना बया हितं." बजाबाई मुद्दाम चुकत होती का, ते तिनं मरेपर्यंत कबूल केलं नाही. "तर गिऱ्हाईक वढतंय, वढतंय, आन् दाजी आत बसून रडाया लागलं..."

"शिवशिवा! रडलं ते गिऱ्हाईक!"

आवाज आता आतून नव्हता. निंगप्पानं मान वळवली. ईरम्मा ओट्याच्या मध्यावर होती, काठी बजाबाईवर रोखलेली, पदर ढळलेला. डावा पाय फळीवरून सरसर येत होता आणि ती त्या पायाकडे बघतसुद्धा नव्हती. येऊन बजाबाईच्या शेजारी बसली आणि गोष्ट पहिल्यापासून नीट सांगायला लागली. गिऱ्हाईक, तांबडी गाडी, भर उन्हात कोपऱ्यापर्यंतची फेरी, सगळं.

गोष्ट संपली, बायका हसून हसून थकल्या, तेव्हा कुठं निंगप्पानं विचारलं.

"कशी आलीस गं?"

ईरम्मानं त्याच्याकडे असं बघितलं, जसं काही म्हाताऱ्याला चळ लागलाय.

"कशी म्हंजे? चालत."

निंगप्पानं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि पंचा डोळ्यांना लावला.