गॅलरी काढली, त्याची गोष्ट

आधी कबूल करा, हसणार नाही म्हणून. तरच सांगतो. आमची बायको मंदा अजूनही हा विषय निघाला की पदर तोंडाला लावून आत पळते, आणि मुलगी मयुरी तर चक्क टाळ्या पिटते!

भंडारा जिल्ह्यातलं आमचं गाव. नाव कायले सांगू? पंचायतीचे ऑफिसवाले वाचतील. तर बियाणांचं दुकान जरा बरं चाललं, म्हणून मी घरावर मजला चढवला आणि पुढे एक गॅलरी काढली. आता गॅलरी म्हणजे किती असावी? पण हात आखडता घ्यायचा माझा स्वभाव नाही. काढली ती थेट गल्लीवर! धान निघाल्यावर तणसाचा ट्रॅक्टर खालून गेला की अर्धं तणस आमच्या कठड्याला अडकून राहायची. मंदाला गाईसाठी चारा विकत आणायची गरजच उरली नाही!

शेजाऱ्यांनी तक्रार केली. नोटीस आली. बांधकाम विनापरवाना आहे, ताबडतोब काढून टाका. मी घाबरलो. आठवडाभर जेवण गेलं नाही. पण कोणी आलंच नाही! महिने गेले, वर्षं गेली. नोटीस लावलेल्या दारावर दोनदा रंग बसला. शेवटी मीच विसरलो.

आणि मग त्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर बातमी फुटली. "अतिक्रमणाचं पथक निघालं जी गावात! जेसीबी घेऊन फिरून राहिले!"

झालं! विसरलेली नोटीस आठवली.

त्यात नेमकं त्याच दिवशी, चार वाजता, मयुरीला बघायला करडीहून पाहुणे येणार होते. मुलगा शिक्षक, घर चांगलं. मंदा सकाळपासून स्वयंपाकघरात. मी बनियनवर दारासमोर झाडून राहिलो होतो. बारा-साडेबाराची वेळ. तेवढ्यात दोन माणसं गल्लीत शिरली. इस्त्रीचे कपडे, खिशाला पेन. त्यातला मोठा माणूस आमच्या दारासमोर थांबला, वर गॅलरीकडे बघितलं आणि लांब लांब पावलं टाकत गल्लीची रुंदी मोजायला लागला!

आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय समजला असता?

"हे घर तुमचंच काय?" त्याने विचारलं.

"नाई जी!" माझ्या तोंडून आपोआप निघालं. "मी तर झाडणारा."

"मालक कुठं हायेत?"

"नागपूरले गेले. महिनाभर येत नाई."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "महिनाभर? अन् स्वभाव कसा हाये मालकाचा?"

मी म्हटलं, चला, मालकाला शिव्या दिल्या तर साहेब खूश होतील. "लय हेकट माणूस, साहेब! कोणाचं आयकत नाई. कायद्याले तर बिलकुल जुमानत नाई!"

मोठ्या साहेबाचा चेहरा पडला. मग विषय बदलावा तसं वर बघून तो म्हणाला, "गॅलरी मात्र मस्त काढली हो!"

टोमणा! सरळ टोमणा होता तो!

"काढतो साहेब! आत्ताच काढतो!"

"आं?"

पण ऐकायला मी होतो कुठे? पडवीतली लोखंडी सब्बल उचलली आणि दोन-दोन पायऱ्या टाकत वर. "खालून सरका साहेब!" म्हणून ओरडलो आणि कठड्यावर पहिला घाव घातला. धडाड! विटा खाली. दुसरा घाव. धडाड! कुंडीसकट तुळस खाली. दोघे समोरच्या ओट्यावर चढून उभे. "अरे, काय करून राहिले बाप्पा! थांबवा कोणी यायले!"

आवाज ऐकून मंदा बाहेर आली. हाताला पुरण, तसंच. तिने ओट्यावर बघितलं, मग वर माझ्याकडे.

"अवो मयुरीचे बाबा! पाहुणे येऊन उभे हायेत अन् तुमी घर काहून पाडून राहिले?"

सब्बल हातातून सुटली. वर मी, बनियनवर, विटांच्या भुकटीने लालेलाल. खाली होणारे व्याही आणि सोबत त्यांचा भाऊ! मंदाने त्यांचा फोटो बघितला होता, मी नाही; बस लवकर मिळाली म्हणून ते लवकर आले होते. गल्ली मोजत होते, ती लग्नात बस वळेल का, हे बघायला!

मयुरीने खिडकीतून हे सगळं बघितलं होतं. ती इतकी हसली, इतकी हसली, की तिचं बघून ओट्यावरचे व्याहीही हसायला लागले. घरात घेतलं, पाणी दिलं, मी मान खाली घालून सगळं सांगितलं.

"अवो भाऊ," ते डोळे पुसत म्हणाले, "दुसऱ्या जिल्ह्यात मी जनमभर हेच काम केलं. अशा नोटिसा वाटता वाटता रिटायर झालो. माह्या नोटिशीनं कोणाची एक वीट हालली नाई. तुमी पयले! असा कायद्याले भेणारा व्याही मले कुठं भेटंल? पोरगी पसंत हाये!"

मयुरीने मुलाशी दोनदा बोलून मगच हो म्हटलं, ते वेगळं. पण त्या संध्याकाळी मी छाती काढून बसलो होतो. गॅलरी गेली, जावई मिळाला!

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात मोटारसायकल थांबली. खरोखरचा ऑफिसवाला! इतक्या वर्षांत पहिल्यांदा!

"हे पाडलं कोणी?"

"मी! स्वतःच्या हातानं!" मी ऐटीत सांगितलं.

"पाडायची परवानगी घेतली होती?"

"पाडायले परवानगी लागते?"

"लागते ना. विनापरवाना पाडकाम, वरून मलबा रस्त्यावर."

माझं डोकंच चालेना. धावत गेलो, दोन्ही हातांनी विटा उचलल्या आणि धापा टाकत पुन्हा एकावर एक रचायला लागलो. "लावतो साहेब! होती तशी लावतो!"

मग त्याने खिशातून पेन काढलं.

"अन् हे बांधायची परवानगी?"