कुलूप बिघडलंय

दारावर दोनदा टकटक करायची, जरा मागे सरायचं आणि दाराकडे पाठ करून उभं राहायचं, ही तिची पद्धत होती. आत राहणाऱ्या बाईने पडद्याआडून निवांत बघावं, कोण आलंय, एकटंच आहे ना, आणि वाटलं तर दार उघडावं. नाही वाटलं तर उघडू नये. ही सवय इतकी अंगवळणी पडली होती की आमच्याकडे, सिडनीत स्कोफिल्ड्सला, दिवाळीच्या फराळाला आली तेव्हाही माझ्या बायकोने दार उघडलं तर समोर नुसता अंबाडा. रुसून आलीस का, असं बायकोने विचारलं तेव्हा कुठे बाईसाहेब वळल्या.

आश्रय मागत ऑस्ट्रेलियात आलेल्या माणसांना, अर्जाचा निकाल लागेपर्यंत, राहायला खोल्या देणाऱ्या एका संस्थेत आम्ही दोघं कामाला होतो. मी दुरुस्ती बघायचो: गळके नळ, बंद पडलेले हीटर. ती त्या घरांतल्या बायकांची केसवर्कर, म्हणजे त्यांच्या अडीअडचणी बघणारी. दोघंही शिकायला म्हणून आलो आणि इथलेच झालो, ती माझ्या बरीच आधी. सुरुवातीला मी तिला ताई म्हणालो, तर म्हणाली, "ताई नको. ताई म्हटलं की लोक पाया पडतात आणि ऐकत काहीच नाहीत."

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. मीटिंग संपत आलेली असते आणि हे हात वर करतं. 'असं चालत नाही' हे वाक्य तिच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. ती शांतपणे विचारायची, "कोणाचं चालत नाही?" आणि उत्तर येईपर्यंत बघत राहायची. भलेभले उगाचच पाणी प्यायला लागायचे.

मग कोविड आला, लॉकडाउन लागला. पश्चिम सिडनीवर तर सरकारची खास मर्जी, आमच्या डोक्यावर पोलिसांची हेलिकॉप्टरं. घरभेटी बंद झाल्या, सगळं फोनवर. बाकीचे केसवर्कर फोन करून 'आर यू ओके?' विचारायचे. ही विचारायची, अंघोळ झाली का? ऑफिसात याची भरपूर चेष्टा झाली, त्यात मीही होतो. ती म्हणाली, "ठीक आहेस का विचारलं की बाई ठीकच म्हणते. अंघोळीचं विचारलं की घर कसं आहे ते कळतं."

क्वेकर्स हिलच्या एका घरात उर्दू बोलणारी एक तरुण मुलगी राहायची, आणखी चार बायकांबरोबर. घर संस्थेने भाड्याने घेतलेलं होतं. मालकाने देखरेखीला ठेवलेला माणूस मागच्या अंगणातल्या खोलीत राहायचा आणि प्रत्येक खोलीची, बाथरूमचीसुद्धा, एकेक चावी त्याच्याकडे असायची. अंघोळीच्या प्रश्नावर ती मुलगी म्हणाली, "वो घर पे है, दीदी. जब दुकान जाएगा, तब नहाऊँगी."

हळूहळू सगळं बाहेर आलं. कोविडची तपासणी म्हणून तो न विचारता कुलूप उघडून आत यायचा. बायका कपडे बदलत असोत, झोपलेल्या असोत. 'सॉरी, सॉरी' म्हणायचा आणि तिथेच उभा राहायचा. पोलिसांना सांगू नका, व्हिसाचं काही तरी होईल, असं त्या मुलीने काकुळतीला येऊन सांगितलं. हिने शब्द दिला.

आमच्या मॅनेजरने झूमवर सगळं सहानुभूतीने ऐकलं. म्हणाला, अजून तसा काही 'इन्सिडंट' झालेला नाही, मालकाला कळवू. ती म्हणाली, "म्हणजे व्हायची वाट बघायची?" त्यावर मीटिंगची वेळ संपली. मला आजही त्या सभ्यपणाचा संताप येतो.

दुसऱ्या दिवशी कामाचं परवानगीपत्र खिशात टाकून ती त्या घरी गेली. त्या माणसाकडे चाव्या मागितल्या. तो नाही म्हणाला. तिने गाडीतून घडीची खुर्ची काढली, समोरच्या हिरवळीवर मांडली आणि मास्क लावून बसली. चक्क धरणं. लॉकडाउनमध्ये असं बसता येत नाही, पोलिसांना बोलावतो, असं तो म्हणाला. "बोलाव. ते आले की पहिला प्रश्न चाव्यांचाच निघेल," ती म्हणाली. बोलावायची हिंमत त्याच्यात नव्हती, हे तिने बरोबर ओळखलं होतं.

खुर्चीवरूनच तिने मला फोन लावला. "लॉकस्मिथ पाठव. इमर्जन्सी रिपेअरमध्ये टाक, त्याला अप्रूव्हल लागत नाही."

मी म्हटलं, "अगं, पण कुलूप बिघडलं पाहिजे ना त्यासाठी."

"चावी चुकीच्या माणसाच्या हातात असली की कुलूप बिघडलेलंच असतं," ती म्हणाली.

मी बुकिंग केलं. त्याच दुपारी सगळी कुलपं बदलली गेली. लॉकस्मिथ नव्या चाव्या तिच्या हातात द्यायला लागला, तर तिने हात मागे घेतले आणि त्या मुलीला पुढे बोलावलं. मुलीने आत जाऊन दार लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. लॉकस्मिथला वाटलं, कुलूप अडकतंय. हिने त्याला गप्प उभं राहायची खूण केली.

मालकाने तक्रार केली. संस्थेने माफी मागितली. त्या माणसाच्या वागण्याबद्दल नव्हे, हिच्या वागण्याबद्दल. वर्ष संपताना तिचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढलं नाही.

निरोपही झूमवरच झाला. मॅनेजरने तिच्या तळमळीचं कौतुक केलं. मग तिने माइक सुरू केला आणि विचारलं, आपल्या बाकीच्या घरांत खोल्यांच्या जास्तीच्या चाव्या कोणाकडे असतात? उत्तरासाठी ती थांबली. एकेक जण 'दुसरी मीटिंग आहे' म्हणून निघून गेला, शेवटी स्क्रीनवर ती आणि मीच उरलो.

"तू अजून दुरुस्तीतच आहेस ना?" ती म्हणाली.

मी हो म्हटलं, आणि ती गेली. आता ती ॲडलेडला असते म्हणतात. फोन उचलत नाही, कामात असेल.

तिच्या निरोपाच्या आठवड्यापासूनच मी रोज एका घरी लॉकस्मिथ पाठवायला लागलो. सहाव्या घराला मॅनेजरचा फोन आला, हे काय चाललंय म्हणून.

मी म्हटलं, "दुरुस्ती."