दारातला डबा

व्हर्लिन हॉगस्टाडच्या घरी एकोणीस जुन्या, लिव्हर ओढून चालवायच्या रायफली होत्या, सगळ्या शंभरी ओलांडलेल्या. पण दर मार्चमध्ये अमेरिकेत मोंटानातल्या त्याच्या गावी जत्रेच्या हॉलमध्ये बंदुकांचा बाजार भरला, की हा स्वतःचं टेबल सोडून दारात उभा राही. आत येणारी प्रत्येक बंदूक उघडून बघायची, रिकामी असली की लिव्हरला प्लास्टिकची पट्टी बांधायची, म्हणजे ती कापल्याशिवाय बंदूक चालत नाही. सव्वीस वर्षं हेच. कुणाच्या बंदुकीत काडतूस सापडलं, की ते दारातल्या कॉफीच्या डब्यात पडे आणि मालकाच्या नावाची चिठ्ठी डब्यावर चिकटे. व्हर्लिनने कुणाची गय केली नाही. पाद्र्याचंसुद्धा नाव लावलं होतं, तेही दोनदा.

त्या शनिवारी आर्डिथ कोल्स्टाड आली. नवरा ऑरिन जाऊन वर्ष झालं होतं, आणि त्याची रायफल तिच्या हातात होती. नळी अर्धी अष्टकोनी, अर्धी गोल. तीस वर्षं व्हर्लिनचा त्या बंदुकीवर डोळा होता. विकायला काढली वाटतं, असं त्याच्या मनात आलं. लिव्हर तीनदा खाली-वर केली, काही पडलं नाही. मग खोगिराला घासून गुळगुळीत झालेलं लाकूडच तो बघत राहिला.

“नवरी आहे का ती, इतका न्याहाळतोयस?” दारावर त्याच्या जोडीला असलेला क्लीट म्हणाला. “बांध की पट्टी, रांग खोळंबलीय!”

त्याने पट्टी बांधली.

अर्ध्या तासाने कॉफीचा कप तोंडाला लावला आणि त्याला आठवलं. दट्ट्या दिसला नव्हता. या बंदुकांत काडतुसं नळीखालच्या पुंगळीत एकामागे एक बसतात आणि स्प्रिंगचा दट्ट्या त्यांना ढकलतो. पुंगळी रिकामी असेल तर तो दट्ट्या तोंडाशी दिसलाच पाहिजे. म्हाताऱ्या बंदुकीत तेल चिकटून दट्ट्या मध्येच अडकतो, पुढचं काडतूस आतच राहतं आणि एखाद्या धक्क्याने सुटतं. नवशिक्यांना हे बजावून त्याचा घसा बसला होता, आणि आज स्वतःच लाकूड बघत बसला!

दिसलाही असेल, आपल्यालाच आठवत नसेल. ओरडून सांगावं तर हॉलभर नाचक्की. न सांगावं तर? त्याने कप तसाच ठेवला आणि दुखऱ्या गुडघ्याने निघाला. तीनशे टेबलं. आर्डिथ पहिल्या ओळीत नव्हती, दुसऱ्या ओळीतही नव्हती.

ती शेवटी दिसली. पट्टी कापलेली होती, आणि एका अनोळखी माणसाने रायफल खांद्याला लावली होती. त्याचा नेम होता भिंतीवरच्या हरणाच्या मुंडक्यावर, आणि त्याच्याच खाली खाऊच्या टेबलाशी बायकांची रांग होती. त्याने मजेत लिव्हर ओढून मिटली.

“बोट काढा! बोट काढा म्हणतो ना!” व्हर्लिन किंचाळला. अख्ख्या हॉलच्या माना वळल्या.

व्हर्लिनने बंदूक हिसकावली, नळी छताकडे धरून उघडली. दट्ट्या दिसत नव्हताच. दस्ता फरशीवर आपटला, लिव्हर पुन्हा चालवली. काडतूस उडून टेबलाखाली गडगडत गेलं.

आर्डिथचा चेहरा पांढराफटक पडला. “ऑरिनने रिकामी केली होती रे. माझ्यासमोर.”

“त्याला काय बोल लावायचा? पट्टी मी बांधली.”

“यांना मी नुसती दाखवत होते,” ती म्हणाली. “तुलाच द्यायला आणलीय. ऑरिन जाताना म्हणाला होता, व्हर्लिनला दे. तो आधी पुंगळी बघतो, मग बंदूक.”

व्हर्लिनला तिच्याकडे बघवेना. त्याने रायफल तिच्या टेबलावर ठेवली, वाकून काडतूस उचललं आणि दाराकडे गेला. ते डब्यात टाकून तो चिठ्ठी लिहायला बसला.

“मालकाचं नाव लिहितात,” क्लीट वाकून बघत म्हणाला. “कोल्स्टाड लिही ना.”

व्हर्लिनने ‘हॉगस्टाड’ लिहिलं, चिठ्ठी पाद्र्याच्या चिठ्ठीच्या वर चिकटवली, आणि पट्ट्यांचा जुडगा क्लीटच्या हातात देऊन दारातून बाजूला झाला.